जर्मन नाही फॉर्मात

आमच्या घरात अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. भात शिजतो तो जर्मनचा गंज, मासे धुतात ती जर्मनची परात. आजूबाजूच्या गावांतही तसंच म्हणतात, त्यामुळे जर्मन आणि अॅल्युमिनियम ही एकाच धातूची दोन नावं आहेत हे मला दहावीपर्यंत नीट कळलं नव्हतं. पुढे विज्ञान शाखेला गेलो, तेव्हा कळलं. एवढंसं ज्ञान, पण मी ते एकदा फार वाईट रीतीनं वापरलं. ते लिहून काढावं असं बरेच दिवस मनात आहे. धीर होत नव्हता.

आम्ही मेहकर तालुक्यात एका धरणाच्या काठी राहतो. वडील धरणात मासे धरतात, आई ते डोणगावच्या बाजारात विकते. घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बुलढाण्याला वसतिगृहात राहून बी.एस्सी. करतो. माझा चुलतभाऊ शेजारच्याच घरात राहतो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. दहावीत नापास झाल्यावर त्याने शाळा सोडली आणि तो माझ्या वडिलांबरोबर पाण्यात जायला लागला. त्याला माझा हेवा वाटत असेल, असं नातेवाईक म्हणतात. कुणी तसं म्हणालं की मी मान खाली घालतो, आणि त्यांना तो माझा नम्रपणा वाटतो. खरं असं आहे की हेवा मला वाटतो.

आमच्याकडे तेव्हा बोट नव्हती, थर्माकोलचा तराफा होता. थर्माकोलचे जाड तुकडे पोत्यात शिवायचे आणि दोरीने एकमेकांना बांधायचे. त्यावर दोनच माणसं बसतात. लहानपणी सुटीत वडिलांच्या मागे मी बसायचो. अकरावीला बाहेर पडलो आणि त्या जागेवर तो बसू लागला. मला कुणी उठवलं नव्हतं, मीच गेलो होतो, तरी सुटीत घरी आल्यावर काठावर उभा राहून त्या दोघांच्या पाठी बघताना मला माझी जागा कुणीतरी घेतल्यासारखं वाटायचं. वडिलांनी अर्धं वाक्य बोलावं आणि याने पुढचं काम करून मोकळं व्हावं, असं त्यांचं चालायचं. संध्याकाळी दोघं जाळं शिवत बसायचे तेव्हा तासभर कुणी बोलायचं नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मी जवळ जाऊन बसलो की वडील लगेच काहीतरी बोलायला शोधायचे. जेवण कसं असते तिथं? मास्तर बरे हायेत का?

सगळ्यात जास्त लागायचं ते एका अक्षराचं. त्याला वडील म्हणायचे, "दोरी धर बे." "कुठी गेल्ता बे?" आमच्याकडे बे जवळच्या माणसालाच म्हणतात. मी कॉलेजात गेलो तसं वडिलांनी मला बे म्हणणं सोडलं. मला ते साहेब म्हणू लागले. "साहेब, चहा घेता का?" आई कौतुकानं हसायची. मीही हसायचो.

मागच्या वर्षी गावातल्या मच्छीमारांना एका योजनेतून बोटी मिळणार असं ठरलं. अॅल्युमिनियमची की फायबरची, ते ज्याचं त्यानं निवडायचं होतं. एक विक्रेता दोन्ही तऱ्हांची एकेक बोट टेम्पोत घालून धरणावर दाखवायला आला. तो दिवस कळला तेव्हा मी प्रॅक्टिकल बुडवून एस.टी.ने घरी आलो. दोन संध्याकाळी मोबाइलवर वाचून वहीत टिपणं काढली होती. या एका बाबतीत तरी वडील मला विचारतील अशी माझी खात्री होती.

विक्रेता इकडचाच होता, तोही जर्मन आणि फायबर असंच म्हणत होता. वडिलांनी त्याचं फारसं ऐकलं नाही. माठ घेताना जशी टिचकी मारून बघतात तशी त्यांनी दोन्ही बोटींवर बोटाच्या पेराने टकटक केली. फायबर दबक्या आवाजात बोललं. जर्मन खणकन वाजलं. मग त्यांनी मान वर करून बघितलं, ते चुलतभावाकडे. मी दोघांच्या मधे उभा होतो. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

त्याने जर्मनची बोट एका बाजूने उचलून बघितली, खालून हात फिरवला, आणि वडिलांना म्हणाला, "मोठेबाबा, हे घ्या. खुंटावर गेली तं पोचा येईन, घरी ठोकून काढू. फायबर तडकलं तं मानूस आना लागन."

आमच्या धरणाखाली जुनी शेतं बुडालेली आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाभळीचे खुंट वर टोकं काढतात. शिवाय आमच्याकडे जाळं लावून झालं की मासा जाळ्याकडे हाकलायला परात बडवतात. त्यासाठी वडिलांनी नेलेली आईची परात बडवून बडवून वेडीवाकडी झाली आहे. जर्मनची बोट असली तर बोटीलाच काठी मारायची, असं तो म्हणाला, तेव्हा वडील मोठ्यानं हसले. आईची दुसरी परात वाचली म्हणाले.

मग मी बोललो. आपल्याकडच्या उन्हात ही बोट तव्यासारखी तापेल, दुपारी बसवणार नाही. लाटेवर खडखडेल. खिळ्यांच्या सांध्यातून पुढे पाणी शिरू शकतं. फायबर तापत नाही, आवाज करत नाही. यातलं काही खोटं नव्हतं. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तलाठी काही सांगायला लागला की ते असंच ऐकतात.

"बरोबर हाये साहेब," ते म्हणाले. आणि त्याच्याकडे वळून, "मंग कोन्ती म्हन्तो बे?"

त्या क्षणापर्यंत मला फायबर खरंच बरी वाटत होती. त्यानंतर ती मला हवीच झाली. या दोन गोष्टींत फरक आहे, हे मला तेव्हा कळत होतं का, सांगता येत नाही.

अर्ज मोबाइलवर भरायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि वडील अंगणातल्या बाजेवर बसलो, कारण तिथेच रेंज येते. तो जाळी धुवायला काठावर गेला होता. नाव, आधार, फोटो असं करत करत मी नौकेच्या प्रकारापाशी आलो. समोर दोन पर्याय होते, एफआरपी आणि अॅल्युमिनियम. एफआरपी म्हणजे फायबर, हे मला वाचून माहीत होतं.

वडील म्हणाले, "जर्मनची टाका."

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. मग म्हणालो, "फॉर्मात जर्मन नाही."

"नाई?" ते मोबाइलवर वाकले. वडील तिसरीपर्यंत शिकले आहेत. अक्षरं ओळखतात, पण जोडाक्षर आलं की थांबतात. ते ज शोधत होते. बोट स्क्रीनला लागू न देता त्यांनी ते ओळींवरून फिरवलं. ज कुठेच नव्हता.

"मंग काय हाये?"

"फायबर आहे. आणखी एक आहे, पण ते आपल्या कामाचं नाही."

"तं टाका फायबर," ते म्हणाले. "साहेबाच्या मनासारखं झालं." टोमणा नव्हता तो. माझ्या मनासारखं झालं म्हणून त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसत होतं. मी बटण दाबलं. अर्ज सादर झाला असं हिरव्या अक्षरांत आलं.

त्याला संध्याकाळी कळलं. फॉर्मातच नसन तं काय करता, एवढंच तो म्हणाला आणि जाळ्याच्या गाठी मारत राहिला. मला वाटलं होतं तो चिडेल, मोबाइल मागेल. त्याने माझ्या शब्दावर शंकासुद्धा घेतली नाही. तरी दोन दिवस मी आनंदात होतो, हे मान्य करायला हवं.

तिसऱ्या दिवशी डोणगावचा बाजार होता. मासळीचं टोपलं उतरवून आई बसली आणि तिने आम्हा दोघांना नवा गंज आणायला पाठवलं. भांडेवाल्याकडे त्याने एक गंज उचलला, वाजवून बघितला, आणि गंमत म्हणून विचारलं, "काका, हे जर्मन जर्मनीहून येते काय?"

"अॅल्युमिनियम हाये भाऊ," भांडेवाला म्हणाला. "जर्मन म्हना का अॅल्युमिनियम म्हना, एकच."

तो हसत माझ्याकडे वळला. मला हसता आलं नाही. मी बाजूच्या पितळी तांब्यांकडे बघत होतो. त्याचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग गेलं.

"फॉर्मात हे होतं काय बे?"

त्याने गंज दुसऱ्या हातात घेतला, भांडेवाल्याला पैसे दिले, आणि आम्ही आईकडे परत निघालो. अर्ध्या रस्त्यात तो म्हणाला, "मोठेबाबाले सांगू नको. त्यायले वाईट वाटन."

जर्मनची बोट गेल्याचं तो बोलला नाही, मी फसवल्याचंही नाही. रोज त्या बोटीत तोच बसणार होता, आणि त्याला आधी काय आठवलं, तर माझ्या वडिलांना वाईट वाटेल हे. ते मला आठवायला हवं होतं.

त्याने खरंच कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं होतं, हळूच सांगेल. चार दिवस मी त्याच्यावर नजर ठेवून होतो. तो मला पूर्वीसारखाच बे म्हणत होता, चहा झाला का विचारत होता. आता माझी चूकसुद्धा त्याच्याकडे ठेवलेली होती, आणि ती तो नीट सांभाळत होता. हे मला सहन होईना. मी वडिलांना सांगितलं ते प्रामाणिकपणामुळे, असं मला लिहायचं होतं. तसं नाही. वडिलांसाठी त्याने आणखी एक गोष्ट सांभाळावी, हे मला नको होतं, म्हणून सांगितलं.

सकाळी वडील तराफ्याची दोरी सोडत होते. तो अजून यायचा होता. मी म्हणालो, "बाबा, फॉर्मात जर्मन होतं. अॅल्युमिनियम म्हनतात त्याले. मले माहीत होतं."

ते दोरी हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांना समजायला वेळ लागला की विश्वास ठेवायला, कळलं नाही.

"काऊन केलं बे तू असं?"

"तुमी मले इचारलं नाई."

"इचारलं नाई कसं? सारं ऐकलं ना तुह्यं."

"ऐकलं. इचारलं त्याले."

वडील धरणाकडे बघू लागले. तिकडेच बघत म्हणाले, "तुले इचारून काय करू? बोटीत रोज तो बसनार. तू तं जानार हायेस." आवाज चढलेला नव्हता. ऊन चढायच्या आत जाळं उचललं पाहिजे, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. तेवढ्यात तो आला आणि दोघं तराफ्यावर बसून निघून गेले. त्यांनी मला बे म्हटलं होतं, तू म्हटलं होतं, हे माझ्या लक्षात ते आत खोल पाण्यात गेल्यावर आलं. एवढं करून बसल्यावरही मला त्याचा आनंद झाला, याची लाज वाटते.

अर्ज बदलून मिळावा म्हणून मी कार्यालयात गेलो. यादी पुढे गेली होती. जे भरलं तेच येईल, असं तिथल्या माणसाने सांगितलं. यात त्याची काही चूक नव्हती.

हिवाळ्यात बोट आली. फायबरची, निळी. पहिल्या दिवशी त्याने मासा हाकलायला बोटीच्या कडेवर काठी मारली. आवाज पाण्यापर्यंतही पोचला नसेल. मग आईची ती वेडीवाकडी परात बोटीत गेली आणि अजून तिथेच आहे. उन्हाळ्यात बोट तापत नाही. वडील हे चारचौघांत आवर्जून सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे बघत नाहीत. वैशाखात पाणी उतरलं आणि एक खुंट तळाला लागला. वीतभर तडा गेला. तो म्हणाला होता तसंच झालं, पण त्याने आठवण करून दिली नाही. निदान एकदा तरी त्याने बोलून दाखवायला हवं होतं. मला जरा बरं वाटलं असतं.

बुलढाण्याहून मी दुरुस्तीचं रसायन आणि फायबरची जाळी घेऊन आलो. किती थेंब मिसळायचे ते डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, तेवढं काम माझं. जाळी बसवली त्याने. त्याच्या बोटांनी ती एकदाही सुरकुतली नाही. मी ते बघत होतो, आणि तेव्हाही मला कौतुकाच्या आधी हेवाच वाटला.

दुसऱ्या दिवशी तिघांनी बोट पाण्यात लोटली. बोटीत तिघं बसू शकतात. वडील आत चढले, तळाला बसवलेल्या तुकड्यावर हात फिरवून ओल लागते का बघितलं, आणि वल्हं उचलत मागे न बघता म्हणाले, "चाल बे."

तो आणि मी, दोघंही एकदमच पुढे झालो. कोणाला म्हणाले, ते मी विचारलं नाही. आधी जाऊन बसलो.