जिताड्याचं डोकं

आमच्या खाडीत जिताडा म्हणून एक मासा असतो. तो नुसता खायचा मासा नव्हे. मामलेदाराकडे काम अडलं की जिताडा, जावई पहिल्यांदा घरी आला की जिताडा, डॉक्टरनं म्हातारीला उठवून बसवलं की त्याच्या दारात जिताडा. रोजचं पोट बोंबील-मांदेलीवर भरायचं, पण घराची अब्रू जिताड्यावर तोलली जायची. त्यातही बाजारातून विकत आणलेल्याला मान नाही. तो घरच्या माणसानं गरी टाकून धरलेला हवा. गळाला आम्ही गरी म्हणतो.

माझे सासरे त्या गरीसाठी पंचक्रोशीत ओळखले जायचे. त्यांना मी मामा म्हणायची. खारीच्या, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीच्या, बांधाला जिथं पाणी सोडायची उघाडी आहे, तिथं ओहोटीला आतलं पाणी धो धो खाडीत उतरतं आणि त्याबरोबर कोलंबी न् बारकी मासळी वाहून येते. ती खायला जिताडा उघाडीच्या तोंडाशी दबा धरून बसतो. ती जागा म्हणजे मामांचं देऊळच म्हणा. घरी आल्यावर मासा कसा लागला, कसा पळाला, कसा वळवला हे ते असं सांगायचे की चुलीवरचा भात करपायचा. मलाही ऐकायला भारी आवडायचं. पण त्यांच्या गरीला हात लावायची आम्हा बायकांना बंदी. बाईनं दोर ओलांडला तर वर्षभर मासा लागत नाही म्हणे! मी नवी सून, गप्प ऐकून घ्यायची आणि मनात म्हणायची, माशाला काय कळतंय दोर कोणी ओलांडला ते.

हे सगळं स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. नवरा मुंबईला गिरणीत, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. मला दोघी मैत्रिणी होत्या. एक माझ्या माहेरच्याच गावची, माझ्या आधी या गावात दिलेली. तिला सगळे माहेरची म्हणून चिडवायचे. दुसरी आमची शेजारीण, वयानं मोठी, जिभेनं त्याहून मोठी. आम्ही तिघी ओहोटीला चिंबोऱ्या आणि कालवं काढायला जायचो. लुगडं वर खोचून गुडघाभर चिखलात, डोक्यावर ऊन, आणि तोंडाला सुट्टी नाही. सासवांच्या नकला काढून काढून पोट दुखायचं.

गरीचं खूळ शेजारणीनं काढलं. रेवदंड्याची एक कोळीण सुकी मासळी घेऊन यायची, तिला शेरभर तांदूळ जास्त घालून तिनं एक गरी आणि चांगला पिळाचा दोर मिळवला. ‘‘ह्ये बापये रोज धरतात, आपल्याला काय हात न्हाईत?’’ म्हणाली. मग चिंबोऱ्यांच्या टोपलीत तळाला दोर लपवायचा, उघाडीच्या पलीकडच्या अंगाला कांदळाच्या झाडीत उतरायचं, आमिषाला बोईट म्हणून बारका जिता मासा लावून गरी सोडायची, असा आमचा धंदा सुरू झाला. जिताडा यायचा तो बहुतेक वेळा बोईट खाऊन निघून जायचा. एकदा बोटभर खरबी मासळी लागली, एकदा चपलेचा अंगठा. पण दोर हातात धरून उभं राहिलं की पोटात जे गुदगुदायचं ना, ते मला सांगता येत नाही. लग्नातसुद्धा तसं झालं नव्हतं.

त्या वर्षी नणंदेचं ठरत होतं. मुलाकडची मंडळी रेवदंड्याच्या अंगाची, खाऊनपिऊन सुखी. सुपारी फोडायला ते आमच्याकडे यायचे होते. मामा बोलणी करायला गेले तेव्हा भर ओटीवर बोलून बसले, ‘‘माझ्या गरीचा जिताडा खाऊ घालीन, मगच सुपारी फोडू.’’ झालं! शब्द गेला. आणि मामांना आदल्या पावसाळ्यात हिवताप होऊन गेलेला, हाताला कंप राहिलेला. तो कंप घरात सगळ्यांना दिसत होता आणि कोणीच त्याचं नाव काढत नव्हतं. उधाणाचे दिवस लागल्यापासून मामा रोज जायचे आणि रिकामे यायचे. आल्यावर गोष्ट नाही, काही नाही. पाय धुवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. आत्या, म्हणजे माझी सासू, तांब्या आपटून म्हणायची, ‘‘बोलायची काय गरज होती?’’

सुपारीच्या दिवशीही मामा पहाटे जाऊन हात हलवत परत आले. दुपारी पाहुणे यायचे. आत्यानं मला पिटाळलं, ‘‘निदान चार चिंबोऱ्या तरी आण, काहीतरी वाढायला हवं.’’ मी दोघींना हाक मारली आणि निघालो.

खरं सांगते, त्या दिवशी मी जिताड्यासाठी गेले नव्हते. पाणी निम्म्याहून उतरलं होतं. शेजारणीनं सवयीनं गरी सोडली आणि दोर माझ्या हातात देऊन ती चिंबोरीच्या बिळात हात घालायला वाकली. तेवढ्यात दोर गेला. ओढला बिढला नाही, गेलाच! तळहाताची साल काढत गेला. मी बोंबलले, ‘‘अगो बाय, धरा मला!’’ माहेरचीनं मागून माझ्या कमरेला मिठी मारली. समोर पाणी फुटलं आणि तो वर आला, आख्खा, जबडा वासून, डोकं गदागदा हलवत. चांदीच्या ताटासारखा लखलखला आणि पुन्हा आत. मला मामांचं बोलणं आठवलं. तो पळतो तेव्हा पळू द्यायचा, दमला की घ्यायचा. ‘‘ओढू नको, ओढू नको,’’ मी स्वतःलाच ओरडत होते. शेजारणीनं दोराचं टोक कांदळाच्या बुंध्याला फिरवलं. तो पळाला, आम्ही सोडला. तो थांबला, आम्ही घेतला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी काठाच्या चिखलात आला तेव्हा शेजारीण सरळ त्याच्यावर जाऊन बसली आणि त्यानं तिला शेपटीनं दोन फाडफाड लगावल्या. आम्ही तिघी चिखलात लोळून हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेपूट जमिनीला लावून उभा धरला तर तोंड माझ्या छातीला लागत होतं. मामांनीसुद्धा एवढा कधी आणला नव्हता.

मागल्या दारानं शिरलो. मला वाटलं होतं, घरात नाचतील! मामा पडवीत बसले होते. त्यांनी माशाकडे पाहिलं, मग माझ्या लुगड्यावरच्या चिखलाकडे, मग हाताकडे.  आत्या मात्र क्षणात सावरली. आधी तिनं दार लोटून घेतलं.

‘‘कुणी बघितलं?’’

‘‘कुणी न्हाय.’’

‘‘मग ऐका. ह्यो ह्यांनी धरलाय. तिघींनी तोंडाला कुलूप घाला. सुनेनं गरी टाकली म्हणून कळलं तर पोरीची सुपारी फुटायची न्हाय.’’

आणि तिनं तो मासा मामांच्या हातात दिला. म्हणाली, मागून बाहेर पडा, बांधावरून फिरून या आणि पुढच्या वाटेनं, आळीतून घरात या. मला वाटलं, मामा तो मासा खाली टाकतील. नाही टाकला. खालमानेनं गेले. थोड्या वेळानं आळीत आरडाओरडा ऐकू आला, ‘‘म्हाताऱ्यानं आणला, म्हाताऱ्यानं आणला!’’ ओटीवर आले तेव्हा मामांचे कान लालबुंद झाले होते. मी चुलीकडे तोंड केलं. एवढ्या मोठ्या माणसाला चोरासारखं आपल्याच दारातून आत येताना बघायची माझी छाती नव्हती.

पाहुणे आले, पंगत बसली. शेजारीण भाकऱ्या थापत होती, माहेरची खोबरं वाटत होती, दोघींची तोंडं शिवलेली. आमच्या घरची रीत अशी की ज्यानं जिताडा धरला त्याच्या ताटात डोकं जायचं, आणि ते वाढायचं घरच्या सुनेनं. तो त्याचा मान. बाहेर व्याही विचारत होते, ‘‘कुठं लागला? किती खेळला?’’ आणि मामा सांगत होते. मी दाराआडून ऐकलं. ती दुसऱ्याच माशाची गोष्ट होती, माझ्या लग्नाच्या आधीची, मी कितीदा ऐकलेली. पण सांगण्यात पहिला रंग नव्हता. मधेच अडखळले, आधी पळाला की आधी उसळला ते चुकलं. व्याह्यांना काय कळणार, ते ‘वा, वा’ करत होते. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

आत्यानं डोकं ठेवलेलं ताट माझ्या हातात दिलं. मी पदर सारखा करून बाहेर गेले, मामांसमोर वाकले. ताट ठेवताना त्यांना माझा तळहात दिसला. दोरानं कापलेला, हळद भरलेला. ते बोलता बोलता थांबले. कालवणाची वाफ त्यांच्या तोंडावर येत होती.

‘‘हा मान माझा न्हाय,’’ मामा म्हणाले. ‘‘ह्यो जिताडा माझ्या सुनेनं धरलाय.’’

पंगतीत कोणी घास उचलेना. मी वाकलेली तशीच राहिले. मग व्याही खो खो हसायला लागले. ‘‘काय मस्करी करता राव! बाईमाणूस काय गरी टाकतंय?’’ त्यांच्याकडचे बापये सगळे हसले. मामा हसले नाहीत. ‘‘मस्करी न्हाय. खरंच सांगतो,’’ म्हणाले. तेव्हा व्याही माझ्याकडे वळले. ‘‘काय गो सूनबाई? खरं काय?’’

दारात आत्या उभी होती. तिच्यामागे नणंद, हिरवं लुगडं नेसलेली, पदराचं टोक दातात. आतली खोबरं वाटायची घरघर बंद पडली होती. मला एकच शब्द बोलायचा होता. व्हय म्हटलं असतं तर काय झालं असतं, मला अजून माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसतं.

‘‘न्हाय,’’ मी म्हटलं. ‘‘मामांनीच आणला. मामांना मस्करीची सवय हाय.’’

पुन्हा हशा झाला. मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताट पुढं ओढलं. एरवी डोकं खायला त्यांना तासभर लागायचा, हाड न् हाड चोखायचे. त्या दिवशी कडू काढा घ्यावा तसं संपवलं. वर पाणी प्यायले.

मी आत आले तेव्हा शेजारीण हात धुवत होती. परातीत पीठ तसंच होतं. ‘‘म्हंजे आम्ही पन मस्करीच केली का गो?’’ एवढंच बोलली आणि मागल्या दारानं गेली. माहेरची तिच्यामागून. तिनं तर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या उधाणाला त्या दोघी टोपली घेऊन माझ्या दारावरून गेल्या, पण हाक आली नाही. नंतर बोलायला लागल्या, सुखदुःखाला आल्या, पण खाडीवर जायला मला कधी बोलावलं नाही, आणि ‘मी येऊ का’ म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

सुपारी फुटली. पाहुणे खूश होऊन गेले. नणंद माझ्या गळ्यात पडून रडली. लाजेनं मलाही रडू फुटलं होतं आणि तिला वाटलं, मी आनंदानं रडतेय.

दिवस कलल्यावर मी मागल्या अंगणात राखेनं भांडी घासत होते. तळहाताला राख झोंबत होती. मामा आले, इकडेतिकडे पाहिलं आणि समोरच्या दगडावर बसले. सासरा असा सुनेसमोर बसत नसे.

‘‘मला खोट्यात पाडलंस, ते जाऊ दे,’’ म्हणाले. ‘‘आता सांग बघू. लागला तेव्हा पाणी किती होतं? खाली गेला की बाहेर पळाला?’’

त्यांचे डोळे बघायला हवे होते. लहान पोर गोष्ट ऐकायला बसावं तसे. आणि मला तरी दुसरं काय हवं होतं? सकाळपासून हेच कोणीतरी विचारावं म्हणून जीव तडफडत होता. त्या सबंध गावात ती गोष्ट ज्याला कळली असती असा तो एकच माणूस. पण माझ्या मनात दिवसभराचं काय काय साचलं होतं, पंगतीतलं हसणं, शेजारणीचे शब्द, आळीतला तो आरडाओरडा. सगळ्याचा राग मी त्या एकट्यावर काढला.

‘‘मला काय विचारता मामा,’’ मी मान वर न करता म्हटलं. ‘‘तुम्हीच सांगितलंत ना मघाशी पंगतीत.’’

 मामा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. त्यानंतर किती तरी वर्षं ते होते, पण मला पुन्हा कधी विचारलं नाही.