दुर्री-सत्तीवर ऑल-इन

आमचे बाबा पोकर खेळतात, हे सौंसरला मी शिकवते त्या शाळेत सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. नगरपालिकेच्या नोकरीत काय आणि पेन्शनीत काय, या माणसाने कधी आवाज चढवला नाही. गाडी दुपारची असली तरी सकाळीच स्टेशनावर जाऊन बसणार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे नदीपलीकडच्या सावरगावशी होणाऱ्या दगडफेकीच्या खेळाला, अख्खं पांढुर्णा नदीवर, आणि आम्ही दाराला कडी लावून घरात. मला त्यांचा फार राग यायचा.

आई गेल्यावर ते पांढुर्ण्यात एकटे राहू लागले. त्यातच एकदा साखर कमी होऊन मोरीत पडले, आणि पुण्याच्या दादाने ठरवूनच टाकलं की बाबांना आता पुण्याला न्यायचं. बाबा ना हो म्हणत, ना नाही. "पाहू," एवढंच. तोवर निदान रविवारी दुपारी तरी तिघांनी एकत्र बसावं, म्हणून दादाने सगळ्यांच्या मोबाईलवर पोकर घालून दिला. फुकटच्या चिप्स, आमच्या तिघांचंच टेबल आणि सोबत ग्रुप कॉल. लावायला मर्यादा नाही. मनात आलं तर एकाच डावात असतील-नसतील तेवढ्या चिप्स पुढे करा, म्हणजे ऑल-इन.

पहिले काही रविवार बाबा मुकाट पत्ते टाकून डाव सोडत राहिले. मग एक दिवस त्यांनी वाढवायला सुरुवात केली ती थांबेचनात. दादाने लावलं की ते तिप्पट. त्याने परत वाढवलं की ऑल-इन. आम्ही दोघं गार.

"बाबा, काय हाय एवढं तुमच्याजवळ?"

"हाय थोडंसं."

आम्ही निमूट पत्ते टाकायचो. अशा खेळाला लूज-अग्रेसिव्ह म्हणतात, हे दादानेच मला शिकवलं होतं. येईल तो हात खेळायचा, पत्ते असोत की नसोत लावत सुटायचं आणि समोरच्याला पळवून लावायचं. पण बाबा तसं खेळत असतील हे ना त्याच्या डोक्यात आलं, ना माझ्या. ज्याने जन्मात थाप मारली नाही, त्याने एवढ्या चिप्स लावल्या म्हणजे हातात एक्का-राजा असणारच!

एका रविवारी मी पांढुर्ण्यालाच होते. माझे पत्ते केव्हाच टाकून झाले होते, म्हणून बाबांच्या शेजारी बसून संत्रं सोलत होते. सहज त्यांच्या मोबाईलकडे नजर गेली. दुर्री आणि सत्ती, तीही वेगवेगळ्या रंगांची. पोकरमध्ये याहून भिकार हात नसतो. बाबांनी चेहऱ्यावरची रेषाही न हलवता ऑल-इनवर बोट ठेवलं.

"बाबा, आज तं तुमी जीवच घेऊन राहिले," पुण्याहून दादा कुरकुरला आणि त्याने पत्ते टाकले.

कॉल संपल्या संपल्या मी ओरडलेच, "हे काय होतं बाबा?"

"दादाले सांगू नको, बाई."

"नाही सांगत. पण कायले असं?"

ते मोबाईलची काच बनियनला पुसत राहिले. "टाकले का मंग पाहात बसा लागते. तुमी दोघं आपसात बोलता. वाढवलं का मले इचारता, बाबा, काय हाय तुमच्याजवळ? मंग घडीभर माह्याशी बोलता."

सालं टाकायच्या निमित्ताने मी आत गेले आणि खूप रडले.

नंतर दादा आला तो बाबांचं तिकीट काढूनच. मीही सौंसरहून गेले. जेवणं झाल्यावर त्याने विषय काढला. या वेळी बाबा "पाहू" म्हणाले नाहीत.

"मी नाही येत. साखर एकदम बराबर हाय, डॉक्टरच म्हणे. रोज सकाळी सावरगावपावतर फिरून येतो. आन् रातच्याले शेजारचे येते झोपाले."

मी थक्क होऊन ऐकत होते. डॉक्टरकडे त्यांना मीच नेलं होतं. साखर वरखाली होतच होती. शेजारचे कधीचे नागपूरला मुलाकडे गेलेले. आणि सावरगाव राहिलं दूर, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जातानाही बाबा मधे दम खायला थांबत.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "खरं हाय का वं?"

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. हातात पाण्याचा भरलेला ग्लास होता. दादाचं काही चुकत नव्हतं, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण सगळे कामावर गेल्यावर पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्हीसमोर बसलेले बाबा माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. शिवाय माझ्या देखत या माणसाने स्वतःसाठी काही मागितलं ते हे पहिलंच.

"खरं हाय दादा. माहं येणं-जाणं असतेच ना."

हे बोलताना मला स्वतःची भीती वाटली. दादाने मोबाईल काढून तिकीट रद्द केलं. बाबांनी ग्लासातलं पाणी एका दमात संपवलं.

आता रोज उठल्या उठल्या मी पांढुर्ण्याला फोन लावते. तो वाजत राहतो. बाबा अंगणात असतील, फोन दुसऱ्या खोलीत असेल, अशी मी स्वतःची समजूत घालते. त्यांना शिव्या घालते, स्वतःलाही घालते. मग पलीकडून "बोल, बाई" असा आवाज येतो. शाळेला उशीर होत असतो, तरी मी बोलत बसते.