सात झाडं

बेटावरच्या ग्वाव्ह गावात किनाऱ्यावर जायफळांची तीन मजली लाकडी वखार आहे. युलाली मोडेस्टचं निम्म्याहून जास्त आयुष्य तिथं खालच्या मजल्यावर गेलं. बायका ओळीनं बसायच्या आणि जायफळं पाण्यात सोडायच्या. भरीव असेल ते तळाला जायचं, पोकळ वर तरंगायचं. युलालीला पाण्याचीही गरज पडत नसे. तळहातावर घेऊन नुसतं हलवलं की ती सांगायची.

शेजारी बसणारी आयोना म्हणायची, "बाई गं, जायफळ एवढं पारखून घेतेस, मग नवरा घेताना डोळे मिटले होतेस का?"

"मिटले नव्हते, दिपले होते," युलाली म्हणायची, आणि ओळभर खिदळणं सुरू व्हायचं.

नवरा कथबर्ट बुटका, हट्टी आणि कमी बोलणारा होता. गावामागच्या उतारावर त्याची जायफळाची बाग होती, आज्यानं लावलेली. बाकी कुठल्या गोष्टीत त्याला रस नव्हता. मुलाचा, केलनचा, बाप्तिस्मा होता त्या दिवशीही तो चर्चमध्ये चिखलाच्या बुटांनी आला होता.

एका सप्टेंबरात वादळ आलं ते भर दुपारी. तिघंही शेजाऱ्याच्या सिमेंटच्या न्हाणीघरात अंग चोरून बसले. बाहेर आले तेव्हा घरावर छप्पर नव्हतं. कथबर्टनं तिकडं पाहिलंही नाही, तो तडक उतार चढून गेला. युलाली मागोमाग गेली. सगळी बाग आडवी पडली होती, मुळं आकाशाकडे. चिरडलेल्या जायपत्रीचा वास दाटून आला होता. कथबर्ट एका खोडावर बसला होता आणि हातातलं हिरवं फळ पुन्हा पुन्हा पुसत होता.

बेटावर जायफळाचं झाड म्हणून फारसं उरलंच नाही. वखारीतल्या बायका घरी बसल्या.

"पप्पा, केळी लावा," चोवीस वर्षांचा केलन म्हणाला. "वर्षात घड येतो. जायफळाला सात-आठ वर्षं लागतात. तोवर तुम्ही सत्तरी ओलांडाल."

"मग आजच लावायला हवं. उद्या लावलं तर आणखी एक दिवस म्हातारा होईन."

"आणि सगळी नर निघाली तर? नराला फळ धरत नाही, आणि फुलल्याशिवाय कळतंय का?"

"तू नर निघालास, तुला टाकला का मी?"

केलन हसला नाही. वाद वाढत गेला आणि शेवटी कथबर्ट म्हणाला, "ज्याला थांबायचं नाही त्यानं जावं." केलन गेला. पाहुणा म्हणून ब्रुकलिनला मावशीकडे गेला आणि तिथंच राहिला, चोरून, कागदांशिवाय. छपरं घालायची कामं करायचा. त्याच्याच पैशातून आईच्या घरावर छप्पर आलं. रविवारी फोन आला की कथबर्ट हटकून बादली उचलायचा. "सांग त्याला, पाणी घालायला गेलाय."

त्यानं बारा रोपं लावली होती. पुढच्याच वर्षी दुसरं वादळ येऊन पाच घेऊन गेलं. उरलेल्या सातांवर त्यानं नारळाच्या झावळ्यांची सावली धरली, मुंग्या वेचल्या.

सहाव्या वर्षी एके दिवशी तो जेवायला खाली आला नाही. नारळाच्या दुधात शिजवलेला फणस आणि खारं मांस ताटलीत झाकून युलाली वर गेली. तो दोन झाडांच्या मधे कुशीवर पडलेला होता. तिला आधी वाटलं, डोळा लागलाय.

"मम्मी, मी आता निघालो तर पुन्हा इथं पाय ठेवू देणार नाहीत," केलन फोनवर रडत होता. "पण तू म्हण, मी येतो."

"नको येऊस," युलाली म्हणाली.

खरं म्हणजे तिला ये म्हणायचं होतं. कथबर्टची शवपेटी खांद्यावर घेतली तेव्हा केलनच्या जागी, पुढच्या डाव्या कोपऱ्याला, शेजारचा रॉल होता, आणि ती पूर्ण वाट त्याच्याच पाठीकडे पाहत चालली.

आठव्या वर्षी झाडं फुलली. तिला टँटी, म्हणजे काकी, म्हणणारा रॉल तिला बघायला घेऊन गेला. बराच वेळ तो फांद्या वाकवून बघत राहिला.

"बोल की," ती म्हणाली.

"टँटी, पाच नर आहेत. दोनच मादी."

ती जवळच्या झाडापाशी जाऊन स्वतः फांदी वाकवू लागली.

"फळ धरायला एक नर ठेवू. बाकीचे चार काढले तर नवी रोपं बसतील. नुसती जागा खातायत ती."

"कथबर्टला माहीत असतं तर..."

"त्याला माहीत होतं गं टँटी. असं होतंच हे."

ती दोन दिवस वर गेली नाही. तिसऱ्या दिवशी रॉलला म्हणाली, "काढ. पण मी घरात असताना नको."

त्या रविवारी केलननं विचारलं, "मम्मी, फुलली का गं?"

"फुलली."

"आणि?"

आयुष्यभर ती कुणाच्या तोंडावर खोटं बोलली नव्हती. वखारीत सख्ख्या नवऱ्याचं पोतंही तिनं निवडून अर्धं परत केलं होतं.

"सातही मादी निघाली," ती म्हणाली.

केलन म्हणाला, "म्हणजे पप्पांचंच खरं झालं. मी उगाच भांडलो."

"भांडायचा तोही. विसर आता."

तेव्हापासून तो दर रविवारी झाडांची चौकशी करतो. यंदा किती धरली, कुठलं जास्त देतं, सगळं. वरच्या अंगाचं जास्त देतं, असं ती सांगते. वखार पुन्हा थोडी सुरू झाली आहे, पण आयोना वारली आणि युलालीची नजर अधू झाली, तिला कुणी बोलावत नाही. दोन झाडांची फळं ती घरीच वाळवते.

गेल्या महिन्यात केलनचा फोन एरवी नसतो त्या दिवशी आला. "मम्मी, इथल्या मुलीशी लग्न केलं ना, त्यामुळं कागद झाले! नाताळला येतोय. आधी बागेत जाऊ, मग घरी."

"ये रे माझ्या बाळा," युलाली म्हणाली. फोन ठेवला आणि दारातल्या पायरीवर बसली. सोळा वर्षं तिनं हेच मागितलं होतं. आता नाताळ जवळ येतोय तशी ती रोज वर जाते आणि सातांतली उरलेली तीन झाडं पुन्हा पुन्हा मोजते.