सोमवारच्या खेळाची मावशी

घिवलीची मावशी पिक्चर बघायची नाही, पिक्चरशी भांडायची. मासळीची टोपली घेऊन दारोदार हाका मारलेला तो गळा. बोईसरच्या थेटरात मागच्या कोपऱ्यातून ती "अगं बाय, त्याच्या गाडीत बसू नको!" असं ओरडली की पडद्यावरची ती पोरगी सोडून बाकी सगळ्यांना ऐकू जायचं.

आमच्या कॉलनीत मासळी तीच आणायची. सोमवारी निम्मी कॉलनी मासे खात नाही, म्हणून त्या दिवशी तिची टोपली घरी. आमच्या ह्यांच्या कारखान्याची सुट्टीही सोमवारीच. त्यामुळे दुपारच्या खेळाला आम्ही दोघं आणि कोपऱ्यात ती, केसांत अबोली माळून, हे ठरलेलं. एकदा पडद्यावर कोणीतरी शेवटच्या घटका मोजत होतं आणि पुढचा एक गृहस्थ खुशाल फोनवर बोलत होता. मावशी म्हणाली, "ओ भाव, तुमचं बोलनं मंग करा. इकडं मानूस मरतोय, दिसत नाय?" त्यानं मुकाट्यानं फोन खिशात घातला.

मी साताऱ्याकडची. थेटरात तोंड मिटून बसावं, रडू आलंच तर डोळ्यांना पदर लावावा, हे आमच्या घरचं वळण. मावशीचा मला राग यायचा. पण खरं कारण वेगळंच होतं, सांगून टाकते. आमचे हे अबोल. लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्या बोलण्यावर कधी मोकळं हसले नाहीत. आणि ती बया खलनायकाला "मेल्या, तुला आय हाय का नाय?" म्हणाली की हे खुर्चीतून घसरेपर्यंत हसायचे! ते हसू मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा जेवायला वाढताना मी तिची नक्कल केली. हे म्हणाले, "तिच्यासारखं नाही जमत तुला." झालं! पुढच्या सोमवारी मी गुपचूप डोअरकीपरला गाठून तक्रार केली. त्यानं मावशीला दम भरला. ती तोंडाला पदर लावून बसली आणि हेही मख्खासारखे बसले. मध्यंतरानंतर तिची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारात बोंबील मोजताना ती खालमानेनं म्हणाली, "ताय, तुमीच सांगितलंत ना त्याला? मलाच सांगायचं. मी गप बसले असते." मला मान वर करवेना. तिनं नेहमीसारखे दोन बोंबील वर घातले. थेटरात ती परत आली नाही, आणि पावसाळ्याआधी लेकीकडे दातिवऱ्याला राहायला गेली ती गेलीच.

परवाच्या सोमवारी मी मध्यंतरात वडे आणायला गेले. परत येईतो पिक्चर सुरू झालेला. अंधारात मी मागेच, तिच्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबले. पडद्यावर नवी नवरी सासूच्या हातचं दूध प्यायला निघाली आणि मला काय झालं कोण जाणे, मी ओरडले, "अगं बाय, पिऊ नको! तोंड बग तिचं!"

सगळं थेटर हसलं. हेही हसले, अगदी तसेच, खुर्चीतून घसरत. मग मागे वळून उजळल्या चेहऱ्यानं अंधारात बघत म्हणाले, "मावशी, आलात का!"

मी वड्यांची पुडी मांडीवर घेऊन तिच्या खुर्चीत बसले आणि उरलेला पिक्चर तशीच ओरडत राहिले.