शालनमावशीचा निळा चौकोन

तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क धडधाकट आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता? 'चालतेय ना, मग ठीकच असणार' हे उत्तर कृपा करून देऊ नका. हे उत्तर देणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आले आहे आणि त्यातली निम्मी नंतर शालनमावशीला रडत फोन करायची. बारशाचे फोटो गेले, लग्नाचा व्हिडिओ गेला, मुलीच्या प्रबंधाचं आख्खं प्रकरण गेलं… मावशी सगळं शांतपणे ऐकायची आणि मग एवढंच विचारायची, "दुसरी प्रत कुठे आहे?"

काही आठवड्यांपूर्वी सकाळी काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा, फोन आला. आदल्या दिवशी मावशी नोएडाला कुणाचं तरी मशीन बघायला गेली होती. मला वाटलं, ती तिथेच अडकली असेल आणि काका चहापत्तीचा डबा कुठे आहे ते विचारत असतील. काका म्हणाले, "अगं, शालन उठत नाहीये…" मी आणि बाबा धावत पलीकडच्या गल्लीत पोहोचलो. ती रात्री येऊन नीट जेवली होती, झोपली होती आणि झोपेतच गेली होती. पुढचे दिवस माणसांच्या गर्दीत गेले. गर्दी ओसरल्यावर काकांनी मला जवळ बसवलं आणि एकच काम सांगितलं, "शोकसभेसाठी तिचा एखादा फोटो शोधून दे. नंतर तोच मला घरात लावायचाय. चेहरा नीट दिसायला हवा, बस." मी म्हटलं, बिल्कुल काका, संध्याकाळपर्यंत देते. फरीदाबादपासून द्वारकेपर्यंतच्या मराठी घरांचे फोटो जिनं राखले, तिचा एक फोटो मिळायला कितीसा वेळ लागणार?

शालनमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. एका सरकारी कचेरीच्या संगणक विभागातून ती निवृत्त झाली आणि निवृत्तीनंतर तिनं घरोघरच्या डिस्क तपासायचं काम स्वतःहून अंगावर घेतलं. आमच्या घराशी तिची गाठ पडली ती बाबांच्या पत्रकांमुळे. बाबा फरीदाबादच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. मी त्या पत्रकांवरच वाढले. 'कमळ' वाचायच्या आधी मला 'धिक्कार' वाचता येत होतं. बाबांची सगळी पत्रकं आमच्या थोराड, खरखर करणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि त्याची तब्येत बघायला मावशी दर दिवाळीच्या आधी, साफसफाईच्या दिवसांत, यायची. पदर खोचायची, पिशवीतून रंगाऱ्याचा जुना ब्रश काढायची आणि कॅबिनेट उघडून दिल्लीची वर्षभराची धूळ झटकायची. मग एक छोटासा प्रोग्रॅम सुरू करायची. पडद्यावर एक चौकोन यायचा. निळा म्हणजे डिस्क ठणठणीत. पिवळा म्हणजे आतले काही कप्पे खराब व्हायला लागले, आजच प्रत करून ठेवा. लाल म्हणजे, मावशीच्या भाषेत, "जवळच्या नातेवाइकांना बोलवून घ्या." चौकोन उमटेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. निळा उमटला की आई सगळ्यांच्या हातावर साखर ठेवायची. चौकोनाच्या शेजारी डिस्कचं तापमानही यायचं. एकदा ती मे महिन्यातही आली आणि ते पाहून तिनं आमचा एकुलता एक कूलर सरळ कॉम्प्युटरकडे वळवला. बाबा म्हणाले, "शालनताई, इथे माणसंही राहतात." त्यावर ती म्हणाली, "माणसं स्वतः उठून सावलीत जातात हो."

एकदा आमच्याकडे पिवळा चौकोन आला. मावशीनं नेहमीचा प्रश्न विचारला. बाबा छाती काढून म्हणाले, "आहे ना दुसरी प्रत! सगळी पत्रकं सी ड्राइव्हमध्ये आहेत आणि तीच्या तीच डी ड्राइव्हमध्येही ठेवली आहेत." मावशीनं चष्मा काढला. इतकी वर्षं मशीन बघतेय, म्हणाली, पण हे उत्तर ऐकलं की अजून माझ्याच छातीत धडधडतं. "अहो, सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं आहेत! एका पलंगावर दोन उशा ठेवल्या म्हणजे दोन घरं होतात का?" बाबा पडले तत्त्वाचे. ते म्हणाले, विचार लोकांच्या मनात जिवंत राहतात, डिस्कमध्ये नाही. मावशी म्हणाली, "अच्छा? मग ते वेतनवाढीचं मोठं पत्रक आत्ता तोंडपाठ म्हणून दाखवा." बाबांना पहिलं वाक्य आठवलं. दुसऱ्या वाक्यात ते ज्या कारखान्यात शिरले, तो त्या पत्रकात नव्हताच. शेवटी मावशीनं आमच्या कॉम्प्युटरची वायर काढून पिशवीत टाकली आणि वेगळी डिस्क आणाल तेव्हाच ही परत मिळेल, असं सांगून ती चालती झाली. ज्यानं कित्येक कारखान्यांच्या फाटकांवर ठिय्या दिला, त्या माझ्या बापानं त्या दिवशी विनाशर्त माघार घेतली.

मीही तिच्याशी वाद घातला होता. मी कॉलेजात होते आणि सगळं जग एका कटाचा भाग आहे, अशी माझी खात्री होती. मी म्हटलं, "मावशी, हे भीती घालणं म्हणजे कंपन्यांचा धंदा आहे. त्यांना नव्या डिस्क विकायच्या असतात." ती ब्रशवरची धूळ माझ्याच दिशेनं झटकत म्हणाली, "कंपनी म्हणते, जुनं झालं, फेका. मी म्हणते, तपासा आणि जोवर धड आहे तोवर वापरा. आता बोल, आपल्या दोघींत कंपनीवाली कोण?" मालकी, दुरुस्ती आणि फेकाफेकीबद्दल मी पुढे जे काही लिहिलं, त्याचं मूळ त्या एका वाक्यात आहे. ती मात्र माझे लेख वाचून इतकंच म्हणायची, "छान आहे, पण कुठे कुठे ठेवलास?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण म्हणून वाट्या, डबे, रुमाल देतात. मावशीनं एका वर्षी पेनड्राइव्ह दिले. बायकांनी ते उलटसुलट करून पाहिले. एकीनं विचारलं, "शालन, यात काय भरायचं?" मावशी म्हणाली, "ज्याच्यावाचून तुला झोप येणार नाही ते." त्या बाईनं नवऱ्याचं घोरणं रेकॉर्ड करून भरलं, असं पुढे कळलं. पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या कार्यक्रमांना मावशी यायची तीही पिशवी घेऊनच. नाटक संपलं की लोक कलाकारांकडे जायचे आणि परीक्षांची तयारी करणारी, गावाकडून आलेली मुलं मावशीभोवती लॅपटॉप उघडून उभी राहायची. एकाचा चौकोन लाल आला. तो म्हणाला, "यार मावशी, आत्ता नको ना, मुख्य परीक्षा आहे!" ती म्हणाली, "हे मला नको सांगू, तिला सांग," आणि डिस्ककडे बोट दाखवलं. मग तिथेच पायरीवर बसून तिनं त्याच्या सगळ्या नोट्स वाचवल्या. तो पोरगा आता कुठल्याशा जिल्ह्यात साहेब आहे.

तर फोटो. मी आधी आमची डिस्क धुंडाळली. मग नोएडा, गुडगाव, द्वारका, सगळीकडे फोन केले. सगळ्यांच्या डिस्क ठणठणीत, सगळ्यांचे फोटो जागच्या जागी, आणि एकाही फोटोत मावशीचा चेहरा नाही! कारण सगळ्यांना आठवत होतं. कुणी कॅमेरा किंवा फोन काढला की मावशी तो हातातून घ्यायची, "तू हो पुढे, मी काढते." आम्ही सगळे खुशाल पुढे होत गेलो. मग मी तिचाच कॉम्प्युटर उघडला. चौकोन अर्थातच निळा. आत 'घर' नावाचं फोल्डर होतं. त्यात काका आंबा खाताहेत, काका तोंडावर पेपर घेऊन झोपलेत, काका गच्चीवर कबुतरांशी भांडताहेत… काका माझ्या शेजारी बसून बघत होते. चिडून म्हणाले, "मीच मी! ही बाई आयुष्यभर दुसरं काही बघतच नव्हती का?" आणि फोल्डर पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. तिच्या लग्नातल्या फोटोत मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. आधार कार्डावरचा फोटो मी भीत भीत पुढे केला. काका म्हणाले, "हा लावलास तर लोक पाकिटं सांभाळत येतील."

अखेर आईला एक फोटो सापडला. आमच्या घरचं हळदीकुंकू, पुढे नटलेल्या बायका, आणि मागे, टेबलाखाली निम्मी शिरलेली, अबोली रंगाच्या साडीतली एक पाठ. एका हातात ब्रश. काका म्हणाले, हाच लावा. शोकसभेत त्या पाठीला हार घातला होता. अनोळखी कुणी आलं असतं तर गोंधळलं असतं. पण आलेल्या प्रत्येकानं दारातूनच ओळखलं आणि प्रत्येक जण आधी हसला, मग डोळे पुसत खुर्ची शोधू लागला. मी हसले नाही. मला संताप आला होता, अजून आहे. आपण कसली माणसं आहोत? जिनं आपली बारशी, लग्नं, नाटकं, पत्रकं नाशातून ओढून काढली, तिच्या कामाला आपण 'मावशीची मदत' म्हणत राहिलो, आणि तिच्या हातातून कॅमेरा काढून घेऊन 'आता तू हो पुढे' म्हणायला एकालाही सुचलं नाही!

काकांनी आता तोच फोटो तिच्या कॉम्प्युटरच्या वर लावलाय. मी गेले की बघते. परवा म्हटलं, काका, चेहऱ्याचा शोध सुरूच आहे हं. ते म्हणाले, "असू दे. काम झालं की वळेल." पण मी मागे वळले तेव्हा ते खुर्ची फोटोच्या बाजूला सरकवून वाकून बघत होते, जणू त्या कडेनं थोडा गाल दिसेल.

म्हणून ही विनंती. तुम्ही दिल्लीत राहत असाल, कधी राहून गेला असाल, तर जुने फोटो आजच उघडा. मधल्या हसऱ्या माणसांकडे बघू नका. कडेला बघा, मागे बघा, आरशात बघा, काचेच्या कपाटात पडलेलं प्रतिबिंब मोठं करून बघा. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, उजव्या भुवईवर कॅबिनेटचा कोपरा लागल्याची खूण. अर्धवट चेहरा असला तरी चालेल, हलला असला तरी चालेल. सापडला तर या पुरवणीच्या पत्त्यावर माझ्या नावानं दोन ओळी टाका, मी स्वतः येऊन नेईन.