लिंबानं धुतलेला दगड

दुपारी तीनच्या सुमाराला क्रांती चौकाची गडबड जरा मंदावते आणि ऊन आमच्या गॅलरीतल्या टेबलापर्यंत येतं. तेव्हा मी डबे उघडते. मिठाईचे रिकामे डबे, आत कापूस, कापसावर दगड. एकेक उचलायचा, उन्हात धरायचा, सावकाश फिरवायचा. पातळ कडेतून उजेड आरपार येतो आणि दगडाच्या आत कुणी दिवा लावून ठेवलाय असं वाटतं. मग मला वेळेचं भान राहत नाही. कुकरची शिट्टी आपल्या घरातली की शेजारची, तेही कळत नाही.

हे अश्मयुगातल्या माणसांनी ठोकून घडवलेले दगड आहेत. पॅसेंजरनं लासूर स्टेशनला उतरायचं, नदीच्या वरच्या अंगाला पाऊण तास चालायचं, की मुरमाड माळ लागतो. तिथं ते सापडतात. अख्खं पातं मिळालं की हौशी लोक हरखतात. मला मोडके जास्त आवडतात, कारण त्यांना ओळखायला डोकं लागतं. हा त्याच काळात मोडला, की काल ट्रॅक्टरचा फाळ लागून? मोडल्यावर टाकून दिला, की कुणी त्याला पुन्हा धार काढली? जुन्या मोडीवर साय धरल्यासारखा मंद थर चढलेला असतो आणि नवी मोड चकचकते. एवढं समजलं की बाकीचं डोळे आपोआप शिकतात.

माझे डोळे तसे आधीच तयार होते. पाटबंधारे खात्यात मी ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि त्यांचीच रेघ शाईनं गिरवायची. आमच्या घरात आधी भिक्षुकी, मग कारकुनी, त्यामुळे दुसऱ्याचं लिहिलेलं चुकू न देणं हा आमचा वडिलोपार्जित गुण. पण माझी अख्खी नोकरी म्हणजे आयत्या पिठावरच्या रेघोट्या, हे मी कधी विसरले नाही. स्वतःची म्हणावी अशी एक रेघ मी कुठं ओढली नव्हती.

म्हणून तो दगड माझ्यासाठी इतका मोठा होता. तीन वर्षांपूर्वी त्या माळावरच्या एका निंबाखाली तो मिळाला. निम्म्या तळहाताएवढा, ताकाच्या रंगाचा. त्याच्या कडेवर तांबडे डाग होते. घरी आणून मी तो लिंबानं घासला, मऊ ब्रशनं धुतला, पुसून पाटावर ठेवला. सणावाराला आई देवांची भांडी घासायची तसेच मी दगड घासते. डाग गेले आणि कड लख्ख उघडी पडली. एका बाजूचे टवके जुने, सायीखालचे. दुसऱ्या बाजूचे बरेच नवे, चकचकीत.

मी ठरवून टाकलं. कातडं तासायची ही तासणी कुणीतरी घडवली, ती मोडली, आणि शेकडो पिढ्यांनंतर दुसऱ्या कुणीतरी ती उचलून तिला नवी धार दिली. पहिल्या माणसाचं मला फारसं काही वाटलं नाही. दुसरा मात्र माझ्या दुपारांमध्ये येऊन बसायला लागला. उकिडवा, पाठमोरा, दगडाकडं मान झुकवलेला. चेहरा त्यानं कधी दाखवला नाही. तोही बिचारा आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाराच, पण त्याच्या रेघा टिकल्या. मला तो फार जवळचा वाटायचा.

पुरातत्त्व शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत, त्यांना दगड दाखवला. सहसा ते माझे निम्मे दगड हसून परत करतात. हा त्यांनी बराच वेळ भिंगाखाली धरला आणि म्हणाले, "तुमची नजर तयार झाली." दिवाळीनंतर ते एक छोटं प्रदर्शन मांडणार होते, त्यात हा मधोमध ठेवायचा आणि शोधणारी म्हणून माझं नाव लिहायचं ठरलं. त्या दिवशी मी घरी चालत आले, रिक्षा केलीच नाही.

प्रदर्शनासाठी जागेचा नकाशा हवा होता. तो काढायला मी दगड पर्समध्ये घालून पुन्हा माळावर गेले. तिथं मेंढ्या चारणारे एक सत्तरीचे मामा आहेत. दर वेळी माझी थट्टा करतात, की शहरात दगडं संपली का, म्हणून बाई इथवर येतात. त्या दिवशी मी तोऱ्यात पर्स उघडली आणि म्हटलं, बघा मामा, हा कुणी घडवला असेल, सांगा.

त्यांनी तो घेतला. थट्टा केली नाही. त्यांचा अंगठा एका खोलगट जागेत जाऊन बसला, अगदी जागच्या जागी. मेंढ्या पुढं गेल्या तरी त्यांनी हाक दिली नाही.

"ह्यो आमच्या बापाचा हाय," ते म्हणाले.

मग सांगत गेले. बाप चिलीम ओढायचा, काडेपेटी कधी वापरली नाही. दगडाच्या कडेला कापूस धरायचा आणि पोलादाच्या कांबेनं ठिणगी पाडायची. धार बोथटली की त्याच कांबेनं दोन टवके काढायचे. बाप गेल्यावर दगड आणि कांब मामांनी कमरेच्या पिशवीत जपली. पुढं पिशवीला भोक पडलं आणि दगड कुठंतरी गळाला. दोन हिवाळे त्यांनी हा माळ पायाखाली घातला होता. पिशवीतून त्यांनी कांब काढून दाखवली. ती अजून होती.

"बापानंबी इथंच येचला व्हता, तुमच्यावानी. त्याच्यावर तांबडं व्हतं ना? कांबेचा गंज."

मी म्हटलं, "ते मी लिंबानं धुतलं, मामा."

त्यांनी दगड माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, तुम्हाला घावला, तुमचा झाला. आणि मी, सांगायला लाज वाटते, तो पर्समध्ये घातला आणि गाडी पकडली.

घरी भिंग लावलं तर एका चिरेत केसाएवढी तांबडी रेघ उरली होती. तिथवर लिंबू पोचलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दोन दिवस मनाला बजावलं. तिसऱ्या दिवशी राहवेना, सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, उलट खूश झाले. नव्या धारेला साय नाही हे आपल्याला आधीच खटकायला हवं होतं, असं स्वतःलाही बोल लावून म्हणाले, आपण दगडाखालची चिठ्ठी बदलू, चकमकीचा दगड म्हणून ठेवू, ते तर आणखी दुर्मिळ. दगड तेवढा आणा.

म्हणजे माझं नाव राहणार होतं. दगडही राहणार होता. पण दुपारी ऊन टेबलावर आलं, आणि माझा तो पाठमोरा माणूस आला, तेव्हा त्याच्या डोक्याला मुंडासं होतं. शेजारी मेंढ्या बसलेल्या. इतकी वर्षं मी त्याचा चेहरा बघायला आसुसले होते, आणि चेहरा कसा असेल ते मला आता माहीत होतं. त्याच्या मुलासारखा. मला रडू आलं.

पुढच्या गुरुवारी मी माळावर गेले आणि दगड मामांच्या हातात दिला. प्रदर्शनात त्या जागी लाल दगडाचं एक मोडकं पातं ठेवा, असं सरांना कळवून टाकलं होतं. मामांनी निंबाखाली घोंगडी टाकली, पोलादाची कांब काढली, माझ्याकडं पाठ करून वाऱ्याला आडोसा केला आणि दगडावर कांब ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांच्या ओंजळीच्या सावलीत ठिणगी दिसली, दिसली न दिसली तोच विझली.

"पडती अजून," ते म्हणाले.

मग घोंगडीवर काहीतरी शोधायला लागले. चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवलं. नखाएवढा टवका, नुकता उडालेला, ओल्यासारखा चमकणारा.

"ह्यो तुमच्या डब्याला."

तो मी धुतला नाही. कापसावर एकटाच ठेवलाय. माझ्या प्रत्येक दगडाखाली एक चिठ्ठी असते. जागा, अंदाजे काळ, आणि घडवणारा. शेवटच्या रकान्यात मी सगळीकडं तेच लिहीत आले आहे, माहीत नाही. या चिठ्ठीवर माझ्या ट्रेसरच्या अक्षरात, शाईनं, पहिल्यांदाच लिहिलं, माहीत आहे.