हाताची चूक

अर्धा रस्ता सरला तरी मामा काही बोलेनात. एरवी त्यांचं तोंड क्षणभर मिटत नसे. कालव्याकाठानं भाची त्यांच्या मागोमाग चालत होती. शेवटी तिनंच विचारलं, "मामा, मास्तर ओळखतील ना तुम्हाला?"

"ओळखतील हीच तर भीती आहे, पोरी."

मामा घड्याळजी. खिडकीएवढ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून त्यांनी उभा जन्म काढला. दर रविवारी निवृत्त मास्तर बुद्धिबळाचा पट काखेत मारून तिथं यायचे. मामा हरले की मास्तर म्हणायचे, "घड्याळं राहू दे, आधी स्वतःचं डोकं उघडून बघ. चाक अडकलंय कुठंतरी."

मग गावातल्या बुद्धिबळ क्लबानं कॉम्प्युटरशी सामना ठरवला. माणसांकडून मास्तर. कॉम्प्युटरला हात नाही, म्हणून पडद्यावर येईल ती चाल पटावर खेळायला मामांना बसवलं. घड्याळजीचा हात स्थिर, म्हणून. मामाही हौसेनं बसले.

तीन तास मास्तरांनी तग धरला. डाव बरोबरीत सुटेलसं वाटत होतं. तेवढ्यात मामांनी घोड्याऐवजी उंट उचलला. पंच म्हणाले, "चूक हाताची आहे, कॉम्प्युटरची नव्हे. ठेवा परत." मामांनी ठेवला.

थोड्या वेळानं राजा उचलायला गेलेल्या मास्तरांच्या थरथरत्या बोटांत वजीर आला.

"हात लावलेला मोहरा हलवावा लागेल," पंच म्हणाले.

मास्तरांनी मामांकडे पाहिलं. एकदाच. मामा पडद्याकडे बघत राहिले. वजीर गेला, पाठोपाठ डाव गेला. पुढच्या रविवारी मास्तर आले नाहीत. त्याला आता सात वर्षं झाली.

"पंचांना एकच वाक्य बोलायचं होतं गं," मामा म्हणाले. "माझी चूक पोटात घातलीत, तशी त्यांचीही घाला. घशात अडकलं ते अडकलंच."

"पण नियमच होता ना, मामा?"

"होता की. फक्त मला नव्हता."

मास्तर आता फार दिवसांचे सोबती नाहीत, शुद्ध येऊन-जाऊन असते, असं त्यांच्या मुलीनं सकाळी कळवलं होतं. भाचीनं मनातल्या मनात देवाला विनवलं, एवढा तासभर तरी माणूस भानावर असू दे.

फाटकाशी मामा थांबले. कडीवरचा त्यांचा हात आज मास्तरांसारखाच थरथरत होता.

"एक ऐक माझं," ते म्हणाले. "आत मी गडबडलो, तोंडातून भलतंच निघालं, तर तू मध्ये पडून सावरून घेऊ नकोस. निघालं ते निघालं. तेवढं माझं मला भोगू दे."